गेरूची दोन बोटं

परवा महानगरपालिकेचा एक पोरगा आमच्या गल्लीत आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाला शिस्त लावायला निघाल्याचा उत्साह. म्हणाला, "काकू, आता रहिवाशांना पार्किंगचा परवाना लागणार. काचेवर स्टिकर लावायचं. आपल्या शहरात असं पहिल्यांदाच होतंय."

"पहिल्यांदाच?" मी म्हटलं आणि जी हसत सुटले ती ठसका लागेपर्यंत. पोरगा बिचारा घाबरला. पाणी प्यायले, डोळे पुसले आणि त्याला सांगितलं, "बाळा, आमच्या गल्लीत परवाना लागत होता तेव्हा तुझ्या आईबापाचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. आणि स्टिकर कसलं? गेरू लागायचा. गाडीच्या कपाळाला." त्यानं टॅबवर काय लिहून घेतलं देव जाणे.

गेरू लावणारे आमचे आबा.

आबांचं कूळ मेंढपाळांचं. दौलताबादच्या डोंगरापासून चिकलठाण्यापर्यंत बापजाद्यांनी मेंढरं चारलेली. पुढं कारखाने उठायला लागले, कामगार खोल्या शोधत हिंडायला लागले आणि आबांचं रान प्लॉटांत गेलं. प्लॉट त्यांनी स्वतः पाडले, दोरीनं. ना इंजिनियर, ना नकाशा. गल्ली किती रुंद ठेवायची हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी आपल्याला ठाऊक असलेलं एकच माप लावलं, कळप न चेंगरता जाईल एवढी! त्यामुळं आमच्या गल्लीतून मेंढरं आजही मजेत जातील, पण दोन स्कुटरी समोरासमोर आल्या की एकीनं मागं सरायचं. पाण्याचा टँकर तर गल्लीच्या तोंडाशीच थांबून हॉर्न वाजवायचा आणि आम्ही बाया घागरी घेऊन पळायचो.

दारात गाडी लावायची म्हणजे शेजाऱ्याला त्याच्याच घरात आडवं होऊन शिरायला लावायचं. त्यावरून रोज कलागती. शेवटी आबांनी गल्लीच्या टोकाला असलेला आपला मेंढवाडा गाड्यांसाठी मोकळा केला. मेंढरं तोवर विकली गेली होती. बाभळीच्या काट्यांचं कुंपण तसंच होतं, लाकडी फाटक तसंच होतं आणि मेंढरं राखणारा सरदार नावाचा कुत्राही तसाच होता. फक्त आतली जनावरं बदलली. आबांच्या आणि सरदारच्या दृष्टीनं तर तीही बदलली नव्हती.

मी वैजापूरची. इथल्या शाळेत नोकरी लागली, ह्यांना चिकलठाण्याच्या कारखान्यात लागली आणि आम्ही या गल्लीत खोली घेतली. ह्यांची जुनी स्कूटर होती, मी हौसेनं नवी लूना घेतली. ती ढकलत पहिल्यांदा मेंढवाड्याशी गेले तर सरदारनं असा काही गलका केला की मी लूनाच्या मागं लपले. फाटकाशी दगडावर एक उंच, हडकुळे गृहस्थ बसले होते. डोक्याला लाल पटका, शेजारी गेरूची वाटी.

"कुनाचं जनावर?"

"माझी लूना आहे."

"गळतं का?"

"काय?"

"तेल. गळतं का? वरडतं का? लाथ मारतं का?"

मी शिक्षिका. दिवसभर प्रश्न विचारायची मला सवय, उत्तरं द्यायची नाही. तरी गपगुमान म्हटलं, "नाही, नाही आणि नाही."

"मग घ्या आत. पर कडंला लावा. कोकरू हाय, मोठी जनावरं चेंगरतील." असं म्हणून त्यांनी वाटीत दोन बोटं बुडवली आणि माझ्या कोऱ्या करकरीत लूनाच्या पुढच्या मडगार्डवर ओढली. मला रडूच आलं. "अहो, नवी आहे हो!"

"म्हून तर. नव्या जनावराला कळप लवकर घेत नाय."

ही दोन बोटं म्हणजे इजाजत. आबांचं लहानपण निजामाच्या अमलातलं, त्यामुळं परवाना हा शब्द त्यांच्या तोंडात कधी बसलाच नाही. गेरू अळशीच्या तेलात कालवलेला असायचा, तो पावसानं जात नसे की पेट्रोलनं. मेंढरांना याच खुणेनं ओळखत. दर दिवाळीच्या पाडव्याला, ज्या दिवशी धनगर मेंढरं रंगवतात, त्या दिवशी सगळ्या गल्लीनं आपापल्या गाड्या घेऊन रांगेत उभं राहायचं आणि बोटं नवी करून घ्यायची. बँकवाले, दूध डेअरीवाले, कंपनीवाले, सगळे. आबा त्यातल्या एकेका गाडीच्या डोळ्यांत, म्हणजे दिव्यात, बघून तेच तीन प्रश्न विचारायचे. तेल गळणाऱ्या गाडीला जागा नाही, हा कायदा सगळ्यात कडक. "उंद्या हितं परत मेंढरं बसवायची झाली तर? त्यायनी तेलात बसायचं व्हय?" मेंढरं परत येणार नाहीत हे गल्लीत सगळ्यांना कळत होतं, पण ते आबांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

गणपतीच्या बंदोबस्ताच्या दिवसांत एकदा एक पोलिस इन्स्पेक्टर मोटारसायकलवरून चौकशीला आले आणि गाडी थेट आत घातली. आबांनी सलाम केला, बसायला दगड दिला आणि साहेब बोलत असतानाच मोटारसायकलच्या कपाळाला दोन बोटं ओढली. "एडका हाय, पर गुनी दिसतो." पुढं कित्येक महिने कुठल्याही चौकात ती मोटारसायकल दिसली की आमच्या गल्लीतलं कुणीतरी अभिमानानं म्हणायचंच, "आपलं जनावर!"

गंमत म्हणजे स्वतः आबा जन्मात कधी गाडीवर बसले नाहीत. गुलमंडीवर जायचं तरी पायी. कुणी म्हटलं, "आबा, बसा मागं, सोडतो," तर ते त्या माणसाकडं असं बघायचे की त्यानं काहीतरी घाण बोलून दाखवलंय. "मेंढीवर कुनी बसतं व्हय रं?"

संध्याकाळी गाड्या परत यायला लागल्या की आबा एकेकीच्या इंजिनाला तळहात लावत फिरायचे. कोण किती लांब जाऊन आलं ते त्यांना तेवढ्यावर कळायचं. "आज लई लांबून आलं लेकरू," म्हणत गाडीची सीट थोपटायचे. एकदा आमचे हे ओव्हरटाईम करून आले म्हणून सांगत होते, तर आबा माझ्यादेखत म्हणाले, "चिकलठाण्यावरून आलेलं जनावर येवढं गार नसतं, साहेब." हे सिनेमाला गेले होते. त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते सांगत नाही.

तर असे आमचे दिवस चालले होते. गल्लीत कुणी कुणाला आडनावानं ओळखत नसे. मी शाळावाल्या बाई. माझ्या शेजारच्या खोलीत, एकाच ओट्यावर दार असलेल्या, टेलिफोनवाले राहायचे. टेलिफोन ऑफिसात नोकरी, बोलायला मऊ, कामाला वाघ. त्यांची बायको आणि मी एकाच चुलीवर पापड भाजायचो. त्यांची स्कूटर कैक वर्षं नंबर लावून मिळालेली, तिला ते रोज पुसायचे. मेंढवाड्यात फाटकाजवळच्या लिंबाखाली तिची जागा. सगळ्यात चांगली जागा, सावलीची. आबांनीच दिलेली.

मग विद्यापीठाच्या नावाचं आंदोलन पेटलं. मोर्चे, बंद, संचारबंदी. खेड्यांतून काय काय ऐकू यायचं, ते ऐकून जेवण जात नसे. आणि शहरात आडनाव विचारायची साथ आली. वर्षानुवर्षं शेजारी राहिलेली माणसं एकमेकांना, "तसं तुमचं मूळ गाव कोणतं हो?" असं विचारायला लागली. टेलिफोनवाल्यांनी काही लपवलं नाही. रजा टाकून मोर्चाला गेले आणि स्कूटरच्या आरशाला निळी फीत बांधून उजळ माथ्यानं परत आले.

गल्लीतल्या प्लॉटवाल्यांनी केलेल्या सोसायटीचे चेअरमन गल्लीच्या तोंडाशी राहायचे. माणूस दुष्ट नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या हातात सत्ता आली की तो दुष्टापेक्षा जास्त ताप देतो, हे माझं मत. पाडव्याच्या आधी ते मेंढवाड्यात आले. मी लूना काढत होते, त्यांनी माझ्याकडं लक्षच दिलं नाही. बाईमाणसाला ऐकू येत नाही अशी त्यांची समजूत असावी.

"आबा, यंदा त्या टेलिफोनवाल्याला बोटं लावू नका."

"कामून? गळाय लागली का त्याची गाडी?"

"गाडीचं नाही हो, माणसाचं सांगतोय. दिवस कसे आहेत बघताय ना? उद्या गल्लीवर दगड आले तर? त्याच्या घरमालकाचं म्हणणं, गल्ली ठरवील तसं. आपण जा म्हणायचं नाही. गाडीला जागा मिळाली नाही की आपोआप खोली सोडेल. आपण वाईट होत नाही."

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! कारण मला ठाऊक होतं. टेलिफोनवाल्यांच्या बायकोनं रडत रडत सांगितलं होतं. या गल्लीत येण्याआधी चार ठिकाणी खोली बघितली होती आणि आडनाव सांगितलं की प्रत्येक खोली नेमकी कालच दिलेली असायची. आता इथून उठायचं तर जायचं कुठं? तिला तेव्हा सातवा महिना होता. आणि मेन रोडवर गाडी ठेवायची तर त्या दिवसांत ती सकाळी धड सापडेल याची काय शाश्वती?

आबा गेरू कालवत राहिले. चेअरमन चिडले. "आबा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"मी फाटकाच्या बाजूचा."

"म्हणजे?"

"म्हंजे आत आलेलं जनावर माझ्या हवाली. त्याचा मालक कोन, त्याचं देव कोन, ते मी इचारीत नाय. तीन गोष्टी इचारतो. आन् नावाचं म्हनाल तर, घरात लेकराचं नाव ठेवताना बी भांडणं व्हतात, चेअरमनसाहेब. मग त्याच नावानं जेवाय हाक मारतात."

पाडव्याला आबांनी पहिली बोटं ओढली ती टेलिफोनवाल्यांच्या स्कूटरला. चेअरमन रांगेत तिसरे होते, त्यांचा चेहरा गेरूपेक्षा लाल झाला.

सूड म्हणून त्यांनी काय करावं? नवीन घेतलेली, म्हणजे जुनीच, पण त्यांना नवीन, ॲम्बॅसिडर एके दिवशी भरदुपारी आबा जेवायला गेलेले बघून मेंढवाड्यात घातली. लिंबाखाली. टेलिफोनवाल्यांच्या जागेत. एवढं धूड तिथं बसल्यावर स्कूटर काय, सायकलसुद्धा मावेना. सरदार भुंकत होता, पण ॲम्बॅसिडरवर भुंकून काय होतं? टेलिफोनवाले संध्याकाळी आले, त्यांनी बघितलं आणि स्कूटर उचलून आमच्या ओट्यावर चढवली. बायकोला म्हणाले, "सामान बांधायला लागशील का हळूहळू?" भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमनच्या मुलीला बघायला परभणीहून पाहुणे येणार होते. त्यांना स्टेशनवरून आणायचं म्हणून तर ती ॲम्बॅसिडर घेतलेली. चेअरमन कडक इस्त्रीत, अत्तर लावून मेंढवाड्याशी आले, तर फाटक बंद. नुसतं बंद नाही, त्याला बाभळीची अख्खी काटेरी फांदी आडवी लावलेली. समोर दगडावर आबा.

"आबा, उघडा. गाडीची वेळ झालीय."

"जनावर कोंडलंय."

"काय?"

"दुसऱ्याच्या रानात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात जातं. तुमी शिकलेले हाव, तुमाला ठावं नाय?"

चेअरमननी आधी हसून बघितलं, मग ओरडून, मग पोलिसांचं नाव काढून. आबा म्हणाले, "बोलवा की. इन्स्पेक्टरसाहेबाच्या गाडीला बी आपलीच बोटं हायत." तोवर सगळी गल्ली जमली होती. अखेर चेअरमन रडकुंडीला आले. "बरं, कसं सोडवायचं तेवढं सांगा!"

"ज्याच्या रानात शिरलं त्यानं सोड म्हनावं. त्याच्या घरी जावं लागतं. उभ्यानं नाय, बसून. त्याच्या घरचं पानी पेऊन. नायतर वैर ऱ्हातं आन् जनावर परत तितंच शिरतं. आमच्यात रीत हाय."

मी ओट्यावर गहू निवडत होते. निवडत कसली होते, गव्हातले गहूच फेकत होते. चेअरमन आले, मागं आबा, त्यांच्या मागं सरदार आणि सरदारच्या मागं सगळी गल्ली. टेलिफोनवाले अर्धी दाढी करून दारात आले. गालाला साबण तसाच.

"या," ते म्हणाले. एवढंच.

चेअरमन उंबऱ्याशी घुटमळले. घड्याळ बघितलं. मग चपला काढून आत खुर्चीच्या टोकावर बसले. वहिनींनी पितळी तांब्या-भांडं आणून समोर ठेवलं. त्या घरचं पाणी मी शंभरदा प्यायले असेन, पण त्या क्षणी हातातलं सूप घेऊन मीही त्यांच्या दारात येऊन उभी राहिले. चेअरमननी भांड्याकडं बघितलं, दारातल्या गर्दीकडं बघितलं, परत घड्याळ बघितलं. आणि उचललं. एका दमात प्यायले. इतके भराभर की सदऱ्यावर सांडलं.

टेलिफोनवाल्यांनी गालावरचा साबण पुसला. मग शांतपणे विचारलं, "चेअरमनसाहेब, गाडी गळते का?"

"आं? थोडी... थोडी गळते."

"तरीच!" आबा दारातून गरजले. "माझा लिंब जळंल! आधी बाहीर काढा ते!"

सगळी गल्ली फिसकन हसली. चेअरमनही कसनुसं हसले. टेलिफोनवाले मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "आबा, गाडी सोडा. चेअरमनसाहेब, खोली मी सोडणार नाही. माझं लेकरू याच घरात जन्माला येणार. तुम्हाला मला काही सांगायचं असेल तर असंच आत येऊन, बसून सांगत जा."

उठताना चेअरमननी रिकामं भांडं स्वतः उचलून वहिनींच्या हातात दिलं. पाहुणे तोवर टांगा करून घरी पोचले होते. लग्न मात्र जमलं, आणि त्याची पत्रिका आमच्या ओट्यावरच्या दोन्ही दारांत आली. ॲम्बॅसिडर पुढं कायम मेन रोडला उभी राहिली. टेलिफोनवाल्यांना मुलगी झाली ती त्याच खोलीत. खोली सोडण्याचं नाव परत कुणी काढलं नाही.

आठवडाभरानं मी आबांकडं गेले. ती पाणी पिण्याची रीत माझ्या डोक्यातून जात नव्हती. वैजापूरच्या बाजूला इतके मेंढपाळ बघितले, असलं काही कधी ऐकलं नव्हतं. म्हटलं, "आबा, जनावर सोडवायला पाणी प्यावं लागतं, ही रीत खरी का हो?"

"मंग? लई जुनी रीत हाय आमची."

घरातून त्यांची बायको, आमची जिजी, ओरडली, "कवापासून?"

आबांनी गेरूची वाटी उचलली, आत काही पडलंय का ते नीट बघितलं आणि हळूच म्हणाले, "त्या दिसापासून."

पुढं किती वर्षं गेली. आंदोलन विझलं, पेटलं, परत पेटलं. शेवटी एका संक्रांतीला विद्यापीठाला नवीन नाव लागलं. टेलिफोनवाले सकाळीच अंघोळ करून, पांढरे कपडे घालून मेंढवाड्यात आले. स्कूटर काढली, पण चालू करेनात. म्हणाले, "आबा, पाटी बघायला चाललोय. तुम्ही चला."

मला वाटलं आता मेंढीवर बसण्याचा तोच टोला येणार. पण आबांनी पटका नीट केला, स्कूटरच्या कपाळाला हात लावून स्वतःच्या छातीला लावला, तिची माफी मागावी तसा, आणि बसले. बायकांसारखे एका बाजूनं, दोन्ही पाय जोडून, डोळे गच्च मिटून! सरदारचा नातू गल्लीच्या तोंडापर्यंत भुंकत मागं गेला. त्यालाही ते सहन झालं नाही.

परतायला संध्याकाळ झाली. मी तीळगूळ घेऊन फाटकाशीच उभी होते. आबा उतरले ते कंबर धरून. मी विचारलं, "काय आबा, बघितली पाटी?"

"बघितली. मला वाचाय येत नाय, ह्यानं वाचून दावली. चांगली मोठी हाय." मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पर तितं फाटकाशी गाड्या लई वेड्यावाकड्या लावत्यात, बाई. कुनाचा कुनाला मेळ नाय."

टेलिफोनवाले हसत सांगायला लागले, "तासभर गाड्याच सरळ करत होते. पोलिसांनासुद्धा कामाला लावलं. पोरांना विचारत होते, गळती का, वरडती का?" आम्ही पोट धरून हसलो.

मग टेलिफोनवाल्यांनी स्कूटर लिंबाखाली, तिच्या जागेवर लावली. आबा रोजच्यासारखे गेले आणि इंजिनावर तळहात ठेवला. त्या दिवशी तो जरा जास्तच वेळ ठेवला. सीट थोपटली आणि म्हणाले, "लई लांबून आलं रं लेकरू."

दिवसभर हसत असलेला तो माणूस लिंबाला टेकला आणि हमसून हमसून रडायला लागला. मलाही राहवेना. मी तीळगुळाची वाटी खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला.

आबांनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग खाली आपल्या मेंढवाड्याच्या जमिनीकडं.

"गळू दे," ते म्हणाले. "आज चालतंय."